‘मशीन परत हँग झालं रे!’ : कॉम्प्युटर का अडला ते सांगणारं छोटं साधन कसं रचावं

फोंड्यात माझ्या मावशीचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस आणि पुढे जत्रांचा हंगाम, या दोन वेळांना तिथे पाणी प्यायची फुरसत नसते. आरत्यांच्या पुस्तिका, मंडळाचे बॅनर, जत्रेतल्या नाटकाची हँडबिलं, मध्येच कुणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेशनला. नेमकं तेव्हाच मशीन अडतं आणि मला फोन येतो, "अरे, परत हँग झालं रे. नेट गेलं काय?"

मी तिला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायला सांगायचो. ती वाचून दाखवायची, "सीपीयू बारा, मेमरी ब्याण्णव, डिस्क शंभर. आता काय करू?" आकडे खरे होते, पण काय करायचं ते त्यांतून तिला कळत नव्हतं, आणि फोनवरून मलाही अंदाजच बांधावा लागायचा. शेवटी तिच्यासाठी एक लहानसं साधन लिहिलं: पडद्याच्या तळाला एका ओळीची पट्टी, मशीन का अडलं ते सांगणारी. ते लिहिताना ज्या पायऱ्या चढलो आणि जिथे घसरलो, ते इथे मांडतो. थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) येत असेल तर पुरे. पहिल्या पायरीला तर तेही लागत नाही.

१. दुकानात बसा आणि वाक्यं टिपा

कोडला हात लावण्याआधी एक दिवस त्या माणसाच्या शेजारी बसा. मशीन अडलं की तोंडून काय निघतं, ते जसंच्या तसं वहीत लिहा. माझ्या वहीत दिवसअखेर चारच वाक्यं होती: "नेट गेलं काय?", "कशामुळे होतंय हे?", "थांबू की बंद करून परत चालू करू?" आणि "प्रिंटरला गेलं की नाही?" चौथं वाक्य वेगळ्या साधनाचं काम आहे, ते मी सोडून दिलं. उरलेली तीन म्हणजे आपला आराखडा. सीपीयू किती टक्के आहे, हे दिवसभरात एकदाही कुणी विचारलं नाही.

वाट बघताना हात काय करतात तेही बघा. मावशी अडलेल्या खिडकीवर आठ-दहा वेळा क्लिक करायची. त्या सगळ्या क्लिक रांगेत साठायच्या आणि मशीन सुटलं की एकदम कोसळायच्या. माणसाला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतचा उशीर जाणवत नाही, एक सेकंदापर्यंत विचाराचा धागा टिकतो, दहा सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. आपल्या पट्टीने त्या दहा सेकंदांच्या आत बोललं पाहिजे. एवढं लक्षात ठेवूनच पुढची मोजमापं ठरवा.

२. चारच गोष्टी मोजा

सीपीयू, मेमरी (म्हणजेच रॅम), डिस्क आणि नेट. तापमानाचा मोह होतो, आणि गोव्याच्या दमट हवेत पंख्यात धूळ चिकटून बसते, तेव्हा तो मोह रास्तही आहे. पण पायथनची जी लायब्ररी आपण वापरणार आहोत ती विंडोजवर तापमान देत नाही, लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर देते. पहिल्या आवृत्तीत ते नको.

लायब्ररीचं नाव पीएसयूटिल. पी, एस, यू, टी, आय, एल अशी अक्षरं टाइप करून ती पिपने (पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने) बसवा. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते. वापरायला सोपी आहे, पण तिच्या आकड्यांत नवशिक्याला हमखास पाडणारे काही खड्डे आहेत.

सीपीयूची टक्केवारी म्हणजे दोन विचारण्यांमधल्या काळाची सरासरी. म्हणून पहिल्यांदा विचारलंत की उत्तर शून्य येतं. ते फेकून द्यायचं. दोन विचारण्यांत निदान सेकंदाचा दहावा भाग तरी जाऊ द्या. मी दोन सेकंद ठेवतो. आणि हा प्रश्न कोडमधल्या एकाच जागेवरून विचारा. दोन जागांवरून विचारलंत तर एकीचा काळ दुसरी खाते आणि आकडे वेड्यासारखे उड्या मारतात.

एकेका प्रोग्रामचा सीपीयू मोजाल तेव्हा १०० च्या वरचे आकडे दिसतील. घाबरू नका, तिथे १०० म्हणजे एक कोअर, सीपीयूमधला एक काम करणारा भाग. चार कोअरच्या मशीनवर एखादा प्रोग्राम ४०० पर्यंत जाऊ शकतो. कोअरच्या संख्येने भागा. विंडोजवर ‘सिस्टम आयडल प्रोसेस’ नावाचा एक गडी यादीत कायम पहिला येतो. तो काही खात नाही, रिकामा वेळ मोजण्यापुरताच असतो. यादीतून त्याला वगळायला विसरलात, तर तुमचं साधन दिवसभर ओरडत राहील की आयडल नावाच्या कुणीतरी मशीन बळकावलंय. माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं, आणि मावशीने विचारलं, "हा कोण रे आयडल? काढून टाक त्याला."

मेमरीत ‘फ्री’ आणि ‘अव्हेलेबल’ असे दोन आकडे येतात. पहिल्याकडे बघू नका. ऑपरेटिंग सिस्टम रिकाम्या मेमरीत वाचलेल्या फायली साठवून ठेवते आणि गरज पडली की ती जागा लगेच सोडते. त्यामुळे लिनक्सवर ‘फ्री’ बहुतेक वेळा कमीच दिसतं. खरोखर मिळू शकणारी जागा म्हणजे ‘अव्हेलेबल’. लिनक्सच्या कर्नलने (गाभ्याने) हा आकडा स्वतंत्रपणे द्यायला २०१४ मध्ये सुरुवात केली. त्याआधी जो तो आपापल्या पद्धतीने अंदाज करत असे.

नेटचे आणि डिस्कचे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनची बेरीज असतात, विजेच्या मीटरसारखे. मागचं रीडिंग वजा करा आणि मध्ये गेलेल्या सेकंदांनी भागा. ‘नेट गेलं काय’ याचं उत्तर मात्र त्यातून मिळत नाही, कारण कुणी काही उतरवत नसेल तर चांगल्या नेटचाही वेग शून्यच दिसणार. त्यासाठी दर अर्ध्या मिनिटाला दोन पिंग (‘आहेस का?’ अशा हाका) टाका, एक दुकानातल्या राउटरला आणि एक बाहेरच्या कुठल्या तरी पत्त्याला. राउटर बोलतोय आणि बाहेरचा गप्प आहे, तर दोष दुकानाबाहेर. राउटरच गप्प असेल तर आधी त्याची पिन बघा. पावसात लायट येऊन-जाऊन राउटर अर्धवट सुरू झालेला असतो, हे आमच्याकडे नेहमीचं.

३. डिस्क शंभर म्हणजे नक्की काय

इथे थोडं थांबू, कारण जुन्या मशीनचं निम्मं दुखणं इथेच असतं.

मावशीच्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क होती, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी. म्हणजे सेकंदाला १२० फेरे आणि एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे चारेक मिलिसेकंद. त्यात सुईचा हात योग्य जागी सरकायचे आठ-नऊ मिळवा. एका उडीला बारा-तेरा मिलिसेकंद झाले, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी उड्या. प्रत्येक उडीत ४ केबीचा एकच तुकडा उचलायचा असेल, तर सेकंदाला साधारण ३२० केबी हाताला लागतात. सलग मोठी फाइल वाचताना हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्याही वर जाते.

म्हणजे वेगाचा आकडा अगदी क्षुल्लक दिसत असतानाही डिस्क पुरती दमलेली असू शकते. तुमच्या साधनाने नुसते एमबी दाखवले, तर ‘डिस्क तर रिकामीच आहे’ असा उलटा अर्थ निघेल. डिस्क किती वेळ कामात होती, ते दाखवायला हवं. लिनक्सवर पीएसयूटिल हा ‘बिझी टाइम’ थेट देते. विंडोजवर त्याच्या स्वतःच्या मोजण्या ठेवणाऱ्या परफॉर्मन्स काउंटरमधला डिस्कचा ‘आयडल टाइम’ घ्या आणि शंभरातून वजा करा.

आता मावशीचे आकडे परत वाचा: सीपीयू १२, मेमरी ९२, डिस्क १००. मी कित्येक महिने डिस्कच्या मागे लागलो होतो. खरं दुखणं मेमरीचं होतं. ४ जीबीच्या मशीनवर बॅनरची फाइल आणि ब्राउझरच्या वीस टॅब उघडल्या की मेमरी संपते. मग विंडोज मेमरीतले तुकडे डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागले की परत आणतं, तेही त्या ऐंशी उड्यांच्या वेगाने. सीपीयू बिचारा वाट बघत बसतो, म्हणून त्याचे बारा.

या एका गोष्टीने साधनाची सगळी रचना बदलली. चार आकडे शेजारी-शेजारी ठेवले, तर माणूस सगळ्यांत मोठ्या आकड्याला दोषी धरतो. म्हणून कारणांचा क्रम साधनानेच लावायला हवा: मेमरी संपली असेल तर डिस्कबद्दल बोलायचंच नाही. मेमरी ठीक असून डिस्क दमली असेल, तरच डिस्कचं नाव. दोन्ही ठीक असून सीपीयू भरला असेल तर सीपीयू. तिन्ही ठीक असतील तर नेट बघा.

४. आकड्याचं वाक्य करा

प्रत्येक अवस्थेसाठी एक वाक्य लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय झालं, कुणामुळे, आता काय करायचं. माझी काही वाक्यं अशी:

"रॅम भरली. ब्राउझरने १.९ जीबी धरली आहे. नको असलेल्या टॅब बंद करा."

"विंडोज अपडेट चालू आहे, त्यामुळे डिस्क अडली. मशीन बंद करू नका, थांबा."

"मशीन ठीक आहे. नेट दुकानाबाहेर अडलं आहे."

‘स्मृती’, ‘प्रक्रिया’, ‘संसाधन’ असले शब्द टाळा. दुकानात ‘रॅम फुल्ल झाली’ म्हणतात, तर पट्टीवरही रॅमच लिहा. सरकारी मराठी वाचली की आमचं गोव्याचं माणूस तो फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेतं.

‘कुणामुळे’ हे सांगताना दोन कामं करावी लागतात. एकतर ब्राउझर एकटा नसतो, त्याच्या वीस-पंचवीस प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारे तुकडे) असतात. सुट्या दाखवल्या तर प्रत्येक लहान दिसते आणि खरा खादाड लपून राहतो. एकाच नावाच्या सगळ्यांची बेरीज करा. सामायिक मेमरी दोनदा मोजली जाते, त्यामुळे बेरीज थोडी फुगते, पण आपल्याला फक्त पहिला नंबर कुणाचा ते हवंय. दुसरं म्हणजे नावांचा छोटा कोश. ‘टीआयवर्कर’ म्हणजे विंडोज अपडेटची जुळवाजुळव, ‘एमएसएमपीएंग’ म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, ‘सर्चइंडेक्सर’ म्हणजे फायलींची शोधसूची. अशी पंधरा-वीस नावं पुरतात. काही प्रोसेसची माहिती विचारली की परवानगी नाकारली जाते, काही विचारता-विचारताच संपून जातात. दोन्ही वेळा चूक गिळून पुढे जा, साधन पडता कामा नये.

५. कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं

फाइल उघडताना सीपीयू क्षणभर शंभरला जाणारच. प्रत्येक वेळी पट्टी लाल केलीत, तर तिसऱ्या दिवसापासून कुणी बघणार नाही. अट सलग काही सेकंद टिकली तरच बोला. शांत होण्याची रेषा वेगळी ठेवा: मेमरी ९० टक्क्यांवर गेली की इशारा, आणि ८० च्या खाली आली तरच तो मागे. पाण्याच्या टाकीतल्या फ्लोट स्विचचं हेच गणित असतं. एकाच रेषेवर चालू-बंद ठेवला तर पंप फडफडत राहील. हे आकडे आमच्या मशीनपुरते आहेत. तुमचे आठवडाभर नोंदी ठेवून ठरवा.

आता एक विचित्र अडचण. मशीन खरोखरच अडतं तेव्हा तुमचं साधनही अडतं, कारण तेही त्याच मेमरीत राहतं. यावर मला सापडलेला उपाय इतका सोपा आहे की आधी का सुचला नाही, याचंच नवल वाटतं. साधन दर दोन सेकंदांनी जागं व्हायला हवं. ते नऊ सेकंदांनी जागं झालं, तर मधले सात सेकंद मशीन अडलेलं होतं, हे त्या उशिरावरूनच कळतं. हा उशीर मोजा आणि नोंदवा, आणि नंतर सांगा: "मघाशी ७ सेकंद मशीन अडलं होतं. रॅम भरली होती." वेळ मोजायला ‘मोनोटॉनिक’ (फक्त पुढेच जाणारं) घड्याळ वापरा, साधं घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त होताना मागेपुढे सरकतं. अंतर काही मिनिटांचं निघालं, तर मशीन झोपवलेलं होतं असं धरा.

मोजणारा भाग आणि खिडकी रंगवणारा भाग वेगळ्या थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्राममध्ये शेजारी-शेजारी चालणाऱ्या धाग्यांमध्ये) ठेवा. पीएसयूटिलला ‘एक सेकंद थांबून मोज’ असं खिडकीच्याच थ्रेडमध्ये सांगितलंत, तर प्रत्येक वेळी तुमचीच खिडकी सेकंदभर गोठेल. आणि सगळ्या प्रोसेसची यादी दर दोन सेकंदांनी चाळू नका, जुन्या मशीनवर ते महाग पडतं. इशारा द्यायची वेळ आली की मगच चाळा. पट्टीच्या कोपऱ्यात साधनाचा स्वतःचा सीपीयू आणि रॅमही दाखवा. लाजेखातर तरी तुम्ही ते हलकं ठेवाल.

६. पडद्यावरची पट्टी

खिडकी नको, पट्टी हवी. पडद्याच्या तळाला, एका ओळीची, कामावर न येणारी. पायथनबरोबर येणारं, खिडक्या काढायचं टीकिंटर एवढ्याला पुरतं. फक्त लिनक्सवर त्यात जोडाक्षरं तुटलेली दिसू शकतात, तसं झालं तर क्यूटी ही त्याच कामाची दुसरी लायब्ररी घ्या. विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ हा देवनागरी फाँट आत असतोच. ओळीची उंची इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. डीटीपीवाल्या माणसाला ते पहिल्यांदा दिसतं.

रंग तीनच. सगळं ठीक असताना करडा, हिरवासुद्धा नको, कारण हिरवाही डोळा खेचतो. ‘थांबा’साठी पिवळा, ‘काहीतरी करा’साठी लाल. पण बऱ्याच पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, म्हणून रंगासोबत शब्द आणि आकृतीही बदला. हे तपासायची आमची युक्ती दुकानाला साजेशी होती: तिन्ही अवस्थांचे स्क्रीनशॉट काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर छापले आणि झेरॉक्सला आलेल्या गिऱ्हाइकांना विचारलं, यात काळजीचा कुठला? पहिल्या खेपेला पिवळा आणि लाल सारखेच करडे छापले गेले. मग लालच्या पट्टीला जाड काळी कड दिली.

क्लिक केल्यावर आलेख उघडतो. माणूस तो बघायला येतो तेव्हा घटना घडून गेलेली असते, म्हणून मागच्या साठ सेकंदांचा आलेख उपयोगाचा नाही, अर्ध्या तासाचा ठेवा. दोन सेकंदांना एक नोंद धरली तर ९०० नोंदी होतात, ठराविक लांबीच्या ‘डेक’मध्ये (नवी नोंद आली की सर्वांत जुनी टाकणाऱ्या यादीत) त्या सहज मावतात. टक्क्यांचा आलेख कायम ० ते १०० असाच काढा. आपोआप ताणणारी मोजपट्टी दिलीत, तर दोन टक्क्यांची हालचाल डोंगराएवढी दिसते.

७. मारून टाकायचं बटण

देऊ नका. विंडोजवर पीएसयूटिलचं ‘टर्मिनेट’ म्हणजे थेट ‘किल’च. प्रोग्रामला फाइल सेव्ह करायची संधीही मिळत नाही. माझ्या पहिल्या आवृत्तीत ते बटण होतं. एका संध्याकाळी लग्नपत्रिकेची तासाभराची जुळवणी त्यात गेली, आणि तासभर मावशी माझ्याशी बोलली नाही. आता त्या जागी ‘तिकडे घेऊन चल’ असं बटण आहे. ते संबंधित खिडकी समोर आणतं. बंद करायची की नाही, ते माणूस स्वतः ठरवतो.

८. तपासणी

चवथीची वाट बघू नका. एका कंटाळवाण्या दुपारी मोठी बॅनर फाइल आणि भरपूर टॅब उघडून मशीन मुद्दाम अडवा. सेव्ह न केलेलं काही उघडं नाही ना, ते आधी बघा. समोर असा माणूस बसवा ज्याने साधन कधी पाहिलेलं नाही. त्याला एवढंच म्हणा, "हे बॅनर छापायला पाठव." नंतर तोंड उघडायचं नाही. मला हे फार कठीण गेलं, हात सारखा माउसकडे जायचा. पट्टीकडे नजर केव्हा गेली, वाक्य वाचून त्याने पुढे काय केलं, फक्त एवढं टिपा. पाच माणसं झाली की तेच तेच अडथळे परत दिसू लागतात. आमच्याकडे पाचांपैकी तिघांनी ‘टॅब बंद करा’ वाचून पूर्ण ब्राउझरच बंद केला. चूक त्यांची नव्हती, ‘नको असलेल्या’ हे दोन शब्द तेव्हा वाक्यात नव्हते.

मग साधन मशीनसोबत आपोआप सुरू होईल असं लावून द्या आणि आठवड्याने परत जा.

मी गेलो तेव्हा मावशीने पट्टीतल्या आकड्यांवर, पडद्यालाच, पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. उघडं ठेवलं होतं फक्त वाक्य. "ते नाचणारे आकडे बघून गिऱ्हाईक विचारतं रे, काय बिघडलंय म्हणून," ती म्हणाली. पुढच्या आवृत्तीत आकडे क्लिकच्या मागे गेले. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचा फोन नंबर होता, तो मात्र तिने आधी वहीत उतरवून घेतला.